शून्य शिसारी

“सर, तुम्हाला शेवटची शिसारी कधी आली होती?”

प्रश्न विचारून झाला तरी संज्योत मगदूम खाली बसली नाही. उत्तर येईपर्यंत उभं राहायचं, हसायचं नाही आणि पाहुण्यांना ‘सर’च म्हणायचं, अशा पैजेच्या तीन अटी रुबिना आणि शलाका या मैत्रिणींनी घातल्या होत्या. तिसरी सगळ्यात अवघड, कारण स्टेजवर बसलेले पाहुणे म्हणजे तिचे स्वतःचे पप्पा. जिंकली तर आठवडाभर रुबिनाच्या अम्मीच्या हातची शेवयांची खीर. हरली तर शलाकाची भूगोलाची अख्खी वही पूर्ण करून द्यायची.

गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारायलाही हात वर करत नसे. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि ती जिल्ह्यात दुसरी आली. तेव्हापासून जयसिंगपूरच्या त्या शाळेत आधी तिचा आवाज पोचायचा आणि मागून ती.

हॉलमध्ये खसखस पिकली. ‘दहावीनंतर काय?’ या कार्यक्रमात असले प्रश्न कुणी विचारत नाही. सीए भरत मगदूम मात्र जराही गडबडले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं, “सातशे बारा दिवसांपूर्वी. तेव्हापासून मी एकशे चौऱ्याण्णव सह्या केल्यात. प्रत्येक सहीला अंक शून्य.”

टाळ्या पडल्या. नुसत्या पडल्या नाहीत, उसळल्या. मुख्याध्यापिका कुरुंदवाडे बाईंनी माईक ओढून घेतला आणि इतकं निर्मळ मन आपल्या गावात आहे याचा मुलांनी आदर्श घ्यावा, असं गहिवरून सांगितलं.

संज्योतने दोन टाळ्या वाजवल्या. तिसरी वाजेना. सातशे बारा दिवस म्हणजे दोन वर्षांना थोडेच कमी. आणि गेल्याच रविवारी घरी मोरीच्या जाळीत मेलेला उंदीर फुगून वर आला होता. पप्पांनी तो उघड्या हाताने, शेपटीला धरून उचलला, खिडकीतून मागच्या गटारात टाकला आणि त्याच हाताने पेपरचं पान उलटलं. तेव्हा तिला वाटलं होतं, पप्पा किती धीट.

“जिंकलीस की गं,” शलाका कुजबुजली. “मग तोंड असं का केलंयस?”

“कसं?”

“नासकं दूध प्यायल्यासारखं.”

त्या तोंडातच सगळी गोष्ट आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

नाकाच्या दोन्ही बाजूंनी वरच्या ओठाकडे उतरणारा एक चिमुकला स्नायू असतो. तान्ह्या बाळाला कारल्याचा रस चाटवा, बाळ पहिल्यांदा हाच स्नायू आखडतं. नाक मुडपतं, ओठ वर जातो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. विषारी, कुजकं, घाणेरडं तोंडात जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. शास्त्रज्ञांना पुढे एक गंमत सापडली. माणसाला खेळात कुणी उघडउघड फसवलं, कुणावर अन्याय होताना त्याने पाहिला, तरी तोच स्नायू हलतो. अगदी पुसट, डोळ्यांना न दिसण्याइतका, पण विजेची सूक्ष्म चुणूक तिथे उमटते. म्हणजे कुजलेल्या वांग्याला आणि लबाडीला आपलं शरीर एकाच नाकाने हुंगतं.

आता याचा सीए लोकांशी काय संबंध, तर तोही आहे. काही वर्षांपूर्वी बड्या बड्या कंपन्या एकामागून एक कोसळल्या. कागदावर ठणठणीत, आतून पोकळ. लोकांची म्हातारपणाची पुंजी गेली. आणि त्या प्रत्येक कागदावर कुणा ना कुणा सीएची सही होती. चौकशीत सगळे एकच वाक्य म्हणाले, आम्हाला संशय आला नव्हता. तेव्हा सरकारने २०३४ साली नवा कायदा आणला. संशय आला की नाही ते आता आम्ही मोजू, असा त्याचा सरळ अर्थ. सीएने मालापाशी, कागदांपाशी प्रत्यक्ष उभं राहायचं, नाकाच्या बाजूला बोटभर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि मगच सही करायची. पट्टी त्या स्नायूतली चुणूक टिपते आणि सहीशेजारी एक आकडा छापते. शून्य ते शंभर. त्याला शिसारी अंक म्हणतात. पंधराच्या वर गेला की सही रद्द आणि कंपनीची चौकशी सुरू.

पहिलं वर्ष भलतंच गाजलं. कोडगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसांचेही अंक साठ-सत्तर आले. लोक म्हणाले, वा, आता नाक खोटं बोलणार नाही.

नाक खोटं बोललं नाहीच. ते फक्त बोलायचं थांबलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मगदूमांच्या घरी ताटं मांडली गेली तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि सकाळचं शिजवलेलं संध्याकाळी चालत नाही. या बाबतीत पूर्वी सगळ्यात कडक होते ते पप्पाच. सकाळची आमटी चुकून ताटात आली तर एक शब्द न बोलता ताट बाजूला सारायचे. दूध तापवायच्या आधी भांड्यात नाक घालून हुंगायचे. पाहुण्यांकडे गेलं की आईला आधीच घाम फुटायचा.

त्या दिवशी आईचा हात चुकला. तिने फ्रिजबाहेर राहिलेल्या सकाळच्या वरणाचं पातेलं ताजं समजून गरम केलं. संज्योतने पहिला घास तोंडात घेतला आणि तसाच हातावर काढला. आंबलेलं, बुळबुळीत, वर फेसाची तार.

पप्पा भात कालवत होते. दुसरी वाटी ओतून घेतली.

“पप्पा, आंबलंय ते.”

“हो का?” ते म्हणाले आणि खाल्लं.

आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही. संज्योतला वाटलं, आता दुसरं काहीतरी बोलावं, म्हणून तिने तोंडात येईल ते सांगायला सुरुवात केली. “पप्पा, तुम्हाला माहितीये, पलीकडच्या बंगल्यातल्या काकांनी सासऱ्यांना गॅरेजमध्ये ठेवलंय. आजोबांना लघवी आवरत नाही म्हणून. जेवणाचं ताट शटरच्या फटीतून आत सरकवतात. मी आणि शलाकाने बघितलं.”

दोन वर्षांपूर्वीचे पप्पा असते तर चप्पल घालून बाहेर पडले असते. त्यांनी एकदा रिक्षावाल्याने कुत्र्याला लाथ मारली म्हणून भर चौकात रिक्षातून उतरून दीड किलोमीटर पायपीट केली होती.

“गॅरेज कोरडं आहे ना?” पप्पांनी विचारलं.

“पप्पा?”

“मग ठीक आहे. ताक आहे का?”

संज्योतला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं. ते वरणामुळे की पप्पांमुळे, तिला कळलं नाही. ती उठून मोरीत गेली. मागून आई आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आई, सुलभा मगदूम, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. लोकांचं थुंकी-रक्त दिवसभर बघणारी बाई, सहसा डगमगत नसे.

“तुला माहीत होतं,” संज्योत म्हणाली.

“ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात बरण्या आहेत,” आई हळू आवाजात म्हणाली. “पुण्याला शिबिर असतं त्यांचं. मन स्थिर ठेवण्याचा सराव म्हणतात. आधी नासलेलं दूध हुंगत बसायचं आणि समोर कागद वाचायचे. मग अंडी. मग मासळीचं पाणी. मग काय काय. रोज अर्धा तास. सहा महिन्यांत मेंदूतला तो भाग बोथट होतो. चामड्याच्या कारखान्यातल्या माणसाला आठवड्यात वास यायचा बंद होतो ना, तसंच. फक्त यांचं खोलवर गेलं.”

“आणि हे चालतं?”

“चालतं म्हणजे काय, शिबिराला गेल्याचं प्रमाणपत्र मिळतं. कायद्यात लिहिलंय अंक मोजा. नाक जिवंत आहे का ते बघा, असं कुठे लिहिलंय?”

“तू का नाही काही बोललीस?”

आईने नळ सोडला आणि मोरी धुवायला घेतली. “शून्य अंकवाल्या सीएला पंचक्रोशीतून कामं येतात, संजू. या फ्लॅटचं दार त्या शून्याने उघडलंय. मला वाटलं, एक नाकच तर आहे. मी हुंगेन दोघांचं.”

हे ऐकून संज्योतला आईचीही थोडी शिसारी आली. अगदी थोडी. आणि तशी आली म्हणून स्वतःची जास्त.

बुधवारी शाळेचा उपक्रम होता. आई किंवा वडिलांबरोबर एक दिवस त्यांच्या कामावर जायचं आणि चार पानं लिहायची. संज्योत पप्पांबरोबर गेली ती धान्यलक्ष्मी पोषण उद्योगात. हा कारखाना दोन तालुक्यांतल्या अंगणवाड्यांना शेंगदाण्याची चिक्की पुरवायचा. मालक विलास शिरगुप्पे, पप्पांचे शाळेपासूनचे मित्र, हसरे, गुबगुबीत, सतत वेलदोडा चघळणारे.

“आलीस होय गं वारसदार,” ते म्हणाले. “बघून घे सगळं. सात-आठ वर्षांनी तूच येणार आहेस पट्टी लावून.”

“मी अजून ठरवलं नाही, काका.”

“ठरवायचं काय त्यात? गादी तयार, उशी तयार. तू नुसतं बसायचं.”

गोदामाचं पत्र्याचं दार सरकवलं आणि वास अंगावर आला. नुसता खवट नव्हे. ओलं फडकं महिनाभर बादलीत बुचकळून ठेवावं, त्यात जुनं तेल ओतावं आणि मग ते कुणीतरी तोंडावर दाबावं, तसा. तो घशात जाऊन बसला, दातांवर चढला. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. पुढच्या चार थप्प्या नव्या कोऱ्या, मागच्या भिंतीलगतच्या काळपट, खालून ओल धरलेल्या. एका पोत्याच्या शिवणीतून हिरवट-पिवळी भुकटी सांडलेली आणि तिच्यावर अळ्यांची बारीक वळवळ.

पप्पा आत गेले. शिरगुप्पेकाका दारातच थांबले. हे संज्योतने टिपलं. मालक स्वतःच्या गोदामात पाऊल टाकत नव्हता. त्याने रुमालाची घडी तोंडाजवळ धरली होती आणि डोळे मात्र हसरे होते.

नियम असा की थप्प्या मोजायच्या, एखादी मधलीच फोडायची, पोत्यात पोकळ सळई खुपसून आतला माल काढायचा, बघायचा, हुंगायचा. माल खराब निघाला तर त्याची किंमत कागदावर शून्य धरायची आणि सीएच्या डोळ्यांदेखत तो जाळायचा. म्हणजे शिरगुप्पेकाकांचं अर्धं गोदाम जाळावं लागलं असतं.

पप्पांनी कामात कसूर केली नाही. हेच तर भयंकर होतं. ते थेट मागच्या भिंतीपाशी गेले. सगळ्यात काळं पोतं निवडलं. सळई खुपसली. दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि एक दाणा तोंडात टाकून चावला.

संज्योत ओकली. तिथेच, थप्पीच्या कोपऱ्यात.

पोती शिवणारी एक बाई धावत आली. तिने संज्योतचं कपाळ धरलं आणि पदराने तोंड पुसलं. “बाहेर जा बाळा. हितं उभी ऱ्हाऊ नगंस.”

“तुम्ही कशा राहता, मावशी?”

“सवं लागती,” बाई म्हणाली. “म्हणून तर जा म्हंतो.”

पप्पांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी. “काय झालं गं? गाडी लागली का? रिकाम्या पोटी आलीस?”

“पप्पा, दाणे कुजलेत.”

“छे. किंचित दमट आहेत.” त्यांनी नाकाच्या कडेची पट्टी बोटाने नीट दाबली. हातातल्या छोट्या यंत्रावर हिरवा आकडा उमटला. शून्य. “बघ. काही असतं तर याने सांगितलं असतं.” आणि तिथेच, अळ्यांपासून हातभर अंतरावर, त्यांनी सही केली.

“मगदूमसाहेब म्हणजे सोनं,” शिरगुप्पेकाका दारातून म्हणाले. “दुसरा कुणी आला असता तर नाकाला फडकं बांधून आला असता. चला, चहा घेऊ. पोरीला लिंबू सरबत सांगा रे. पुढच्या मंगळवारी गाड्या निघायच्यात, आता घाई करायला हवी.”

संज्योतने सरबत घेतलं नाही. तिच्या मुठीत त्या काळ्या पोत्यातले दाणे होते.

आईने ते लॅबमध्ये नेले, काचेवर बुरशीचा कण ठेवला, निळा थेंब टाकला आणि भिंगाखाली धरला. मग संज्योतला बघू दिलं. निळ्या देठांवर गोल फुलं, फुलांभोवती बारीक मण्यांच्या माळा. इतकं सुंदर होतं ते की आणखीच किळस आली.

“ही बुरशी दाण्यात जे विष सोडते ते यकृतात जाऊन बसतं,” आई म्हणाली. “किती आहे ते या भिंगात दिसत नाही, त्याला मोठी लॅब लागेल. पण एवढी बुरशी असलेला दाणा मी गुरांनाही घालणार नाही.”

“भाजल्यावर जातं ना?”

“नाही. गुळाच्या पाकातही नाही जात. वास मात्र जातो.”

“चिक्की किती वर्षांची मुलं खातात, आई?”

आईला उत्तर माहीत होतं आणि संज्योतलाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं असतात.

ऑफिसमध्ये पप्पा एकटेच होते. संज्योतने त्यातले निम्मे दाणे टेबलावर, त्यांच्या कागदांच्या मधोमध ओतले आणि आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. बोलताना वक्तृत्व स्पर्धेतला एकही हातवारा तिला आठवला नाही.

पप्पांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, “तू म्हणतेस ते खरं असेल तर भिंगात दिसणारी गोष्ट मला नाकात का नाही जाणवली? मी खाल्लाय तो दाणा.”

“कारण तुमचं नाक मेलंय.”

“संजू.”

“कपाटातल्या बरण्या मला माहितीयेत.”

पप्पा उठले. त्यांनी स्वतःच खालचा कप्पा उघडला. सात बरण्या, झाकणांवर सुवाच्य अक्षरात आकडे. सातव्या बरणीत काय होतं ते तिने पाहिलं आणि मान फिरवली. केस होते त्यात, कुणाचे तरी, आणि ते हलत होते.

“तुला वाटतं मी हे पैशासाठी केलं,” पप्पा म्हणाले. “पहिल्या वर्षी इचलकरंजीत एक छोटा कापडाचा कारखाना होता माझ्याकडे. हिशेब आरशासारखा. मी सही करायला उभा राहिलो आणि मालक शेजारी तंबाखू थुंकला. माझ्या बुटावर उडाली. अंक आला एकतीस. सही रद्द, चौकशी सुरू, बँकेने हात आखडला, आठ महिन्यांत कारखाना बंद. साठ माणसं घरी बसली, माझ्या नाकामुळे. चौकशीत काय सापडलं? काही नाही. त्यातला एकजण अजून मला बाजारात नमस्कार करतो. त्याला माहीत नाही की तो मीच.”

संज्योतला हे माहीत नव्हतं. क्षणभर तिला पप्पांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

“तेव्हा मी ठरवलं, नाक मध्ये येता कामा नये,” ते म्हणाले. “तुला दाखवतो, हे यंत्र किती फालतू गोष्टींनी उडतं.” त्यांनी ड्रॉवरमधून नवी पट्टी काढली आणि संज्योतच्या नाकाशेजारी हलक्या हाताने चिकटवली. लहानपणी खरचटलं की पट्टी लावायचे, तशीच. “घे दाणे हातात.”

तिने मूठ नाकाशी नेली. यंत्रावर लाल आकडा उमटला. अठ्ठ्याऐंशी.

तिने यंत्र टेबलावर दोघांच्या मधे सरकवलं.

“आता तुम्ही घ्या,” संज्योत म्हणाली.

“माझा तर शून्य आहे.”

“यंत्राकडे बघू नका. नुसता वास घ्या. मला सांगा कसला येतो.”

पप्पांनी तिची मूठ दोन्ही हातांत धरली, नाकाशी नेली. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी तर त्यांनी नाक तिच्या बोटांत पुरतं खुपसलं. ते खरोखर प्रयत्न करत होते. त्यांच्या कपाळावर शिरा उमटल्या होत्या.

“भाजक्या शेंगांचा,” ते शेवटी म्हणाले. “छान खमंग येतोय.”

“कच्चे आहेत ते, पप्पा.”

त्यांनी तिचा हात सोडला नाही. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांचा आवाज बारीक झाला. “मला हे आठवणीतून येत असेल का गं?”

“सही मागे घ्या. सात दिवसांत घेता येते, मी नियम वाचलाय. शिक्षाही होत नाही.”

“कारण लिहावं लागतं. काय लिहू? माझं नाक बंद पडलंय? मग ते विचारतील कधीपासून. मग आजवरच्या सगळ्या सह्या उघडतील. त्यातल्या किती चांगल्या होत्या आणि किती अशा,” त्यांनी दाण्यांकडे पाहिलं, “हे मला स्वतःला तरी कुठे माहितीये? एवढ्या कंपन्या, एवढी माणसं. पुन्हा तेच होईल, संजू. या वेळी साठ नाही, हजारो घरी बसतील.”

“आणि मंगळवारी गाड्या निघतील.”

“तुझ्या एकटीच्या नाकावर मी हे सगळं उधळू?”

“हो.”

पप्पांनी दाणे एकेक करून गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्यातला एक कागदाखाली राहिला होता. तो सापडल्यावर त्यांनी सवयीने तोंडात टाकला. संज्योत जिना उतरून रस्त्यावर आली तरी तिला तो चावल्याचा आवाज ऐकू येत होता.

गुरुवारी तिने रुबिनाला सगळं सांगितलं. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर खिरीचा डबा उघडा पडला होता आणि दोघींनाही खाववत नव्हतं.

“आमची जोया जाते अंगणवाडीत,” रुबिना म्हणाली. जोया तिची चार वर्षांची चुलत बहीण. “चिक्की तिथे खात नाही ती. फ्रॉकच्या खिशात लपवून घरी आणते आणि मला अर्धी देते.” मग डब्याचं झाकण लावत, “पण तू हरकत घेतलीस तर तुझ्या पप्पांचं काय होईल?”

“तीन वर्षं सही बंद. निदान.”

“आणि घरी?”

“ते नियमांत दिलेलं नाही.”

नियमात जे दिलं होतं ते संज्योतने इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. माल स्वतः पाहिलेली, पंधरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती पट्टीवरच्या नोंदीसह हरकत घेऊ शकते. त्यासाठी पोलीस नको, वकील नको. तरी चार वर्षांत जिल्ह्यात एकानेही घेतली नव्हती, कारण हरकत घेणाऱ्याचं नाव जाहीर होतं.

“माझा अंक यंत्रात आहे, तिथून तो हरकतीला जोडता येतो,” ती म्हणाली. “पप्पांनी पुसला नाही.”

“विसरले असतील.”

“पप्पा कागदाची टाचणीसुद्धा विसरत नाहीत.” हे बोलताना तिला पहिल्यांदा रडू आलं. रुबिनाने ते बघितलं आणि ओढणीने तिचं नाक पुसलं, जरा जास्तच जोरात.

शुक्रवारी जेवणं लवकर आटोपायची होती, कारण पप्पांना शिरगुप्पेकाकांकडे नव्या यंत्राच्या उद्घाटनाच्या समारंभाला जायचं होतं. आईने ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या आणि ताजी मुगाची उसळ. उसळ ताटात वाढायच्या आधी तिने ती हुंगली. तिघांच्याही वाट्या.

संज्योत ताटावर बसली नाही. ती मागे, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली.

“बस की,” आई म्हणाली.

“बोलून झालं की बसते. मी आज शाळेच्या कॉम्प्युटरवरून हरकत नोंदवली. धान्यलक्ष्मीच्या मालावर. माझा अंक जोडलाय आणि उरलेल्या दाण्यांचा नमुना बंद पाकिटात कुरुंदवाडे बाईंच्या कपाटात ठेवलाय. बाई आधी नाही म्हणाल्या, मग त्यांनी पाकीट उघडून वास घेतला.”

आईच्या हातातला चमचा उसळीत तसाच राहिला. पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो त्यांनी ताटात परत ठेवला. गेल्या दोन वर्षांत अन्न हातातून खाली ठेवताना तिने त्यांना पाहिलं नव्हतं.

“सोमवारी अकरा वाजता कोल्हापूरला सुनावणी आहे,” संज्योत म्हणाली. “तोपर्यंत पप्पांनी सही मागे घेतली तर मला काही बोलावं लागणार नाही. नाही घेतली तर मी सगळं सांगणार आहे. बरण्यांचंसुद्धा. विचारलं तर इचलकरंजीचंही सांगेन, कारण ते न सांगणं अन्याय होईल. पप्पा, मला तुमची शिसारी येत नाही. आली असती तर सोपं झालं असतं.”

“नाव जाहीर होईल तुझं,” पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच गुळगुळीत होता, फक्त डोळे भरले होते. “उद्या सकाळपर्यंत गावभर होईल. स्वतःचं नाव न घालता करता आली असती, एखाद्या कामगाराच्या नावाने.”

“माहितीये. ज्या मावशीने माझं तोंड पुसलं तिच्या नावाने करता आली असती, तिला पैसे देऊन. मी नाही केली.” संज्योतने खुर्ची ओढली आणि बसली. “रकान्यात पूर्ण नाव लिहा म्हणाले होते. मी पूर्ण लिहिलंय. संज्योत भरत मगदूम.”